इंजिन स्वॅप करताय? मग ईसीयू सगळ्यात शेवटी घ्या

संभाजीनगर, जालना, लातूरकडची बरीच पोरं हल्ली जुन्या जिप्सीत, जीपमध्ये, मारुती ८०० मध्ये इंजेक्शनवालं इंजिन टाकायलेत आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "भाऊ, ईसीयू कोणता घेऊ?" ईसीयू म्हणजे इंजेक्शन नि इग्निशन चालवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर. आता इंजिन कोणतं, थ्रॉटल केबलची का इलेक्ट्रॉनिक, क्रँकचा सेन्सर कसला, इंजेक्टर किती ओहमचे आणि ट्यूनिंगला कोण बसणार, हे माहीत नसताना याचं उत्तर कोण देणार? लोक आधी ऑनलाईन ईसीयूचा डबा मागवतात आणि मग त्याला जुळणारं इंजिन शोधत फिरतात, हे पूर्ण उलटं काम आहे. म्हणून इथं क्रमाने सांगतो. माउंटिंग, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटर यात मी शिरत नाही, ते तुमचा फिटर नि लेथवाला बघून घेतील.

आधी कागद

हे कंटाळवाणं आहे म्हणून लवकर उरकतो. आरसी बुकात इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच पक्कं केलंय. तसंच इंजिन खराब झालं म्हणून बदलणं वेगळं आणि भलत्याच गाडीचं इंजिन बसवणं वेगळं. त्यामुळं खर्च करायच्या आधी तुमच्या आरटीओत जाऊन इन्स्पेक्टरला तोंडावर विचारा, इन्शुरन्सवाल्याला पण विचारा. गाडी फक्त शेतात किंवा ऑफरोड इव्हेंटला ट्रेलरवर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

इंजिन घेताना वायरिंगची किंमत ओळखा

भंगारात इंजिन बघायला गेलं की सगळे डिपस्टिक काढून ऑइल बघतात, कॉम्प्रेशन विचारतात, ते बघायलाच पाहिजे, पण इंजेक्शनच्या इंजिनाची अर्धी किंमत त्याच्या वायरिंगमध्ये असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून म्हणा की पुण्याच्या जुन्या बाजारातून म्हणा, इंजिन बहुतेक वेळा असं येतं की कपलर तर आहेत पण वायरी वीतभर ठेवून कटरने कापलेल्या. असं इंजिन दोन-चार हजार स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही, कारण नंतर एकेक पिन शोधण्यात जो वेळ जातो त्याचा हिशोब कोणी धरत नाही.

शक्यतो अख्खी गाडी भंगारात निघताना गाठा, चालू अवस्थेत असेल तर सोन्याहून पिवळं. तिच्यातून काय काय उचलायचं ते बघा: इंजिनाचं पूर्ण वायरिंग फायरवॉलच्या आतल्या कपलरपर्यंत, ईसीयू, मेन रिले नि फ्युएल पंपाच्या रिलेसकट फ्यूजबॉक्स, थ्रॉटल बॉडी, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर अॅक्सिलरेटरचं पेडल, एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा पाइप (त्यावर मास एअर फ्लो सेन्सर असेल तर तो पाइपसकटच), ऑक्सिजन सेन्सर, टाकीतला पंप, गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर. आणि इमोबिलायझरवाली (ओळखीच्या किल्लीशिवाय चालू न होणारी) गाडी असेल तर किल्ली, किल्लीच्या कुलपाभोवतीची कॉइल, इमोबिलायझरचा मॉड्यूल हे सगळं एकाच गाडीचं पाहिजे. मारुतीत याला आयकॅट्स म्हणतात. ईसीयू एका गाडीचा नि किल्ली दुसऱ्या गाडीची असली की सेल्फ फिरतो पण इंजेक्टर चालत नाही, आणि मग वायरमन दोन दिवस पंप बदलत बसतो.

काढण्याआधी मोबाईलवर प्रत्येक कपलरचा फोटो काढा, टेप लावून मार्करने नाव लिहा. ईसीयूवरच्या स्टिकरचा पार्ट नंबर लिहून घ्या. त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंग डायग्राम मिळवा, रंगावर विसंबू नका, एकाच कंपनीत वर्षागणिक वायरींचे रंग बदलतात.

खरा निर्णय: मूळ ईसीयू ठेवायचा की स्टँडअलोन घ्यायचा

स्टँडअलोन म्हणजे बाहेरून घेतलेला, सगळं स्वतः सेट करायचा ईसीयू. माझं मत सरळ आहे. इंजिन आतून मूळ स्थितीत ठेवणार असाल, टर्बो नाही, मोठे कॅम नाहीत, आणि गाडी रोज वापरायची असेल तर कंपनीचाच ईसीयू ठेवा. कंपनीचे इंजिनियर महिनोन्महिने थंडीत, उन्हात, डोंगरावर गाडी नेऊन जो मॅप (इंधन नि टायमिंगचा तक्ता) बसवतात तो तुम्ही-आम्ही शेडमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसवू शकत नाही. डिसेंबरात परभणीच्या थंडीत सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणं, एसी लावल्यावर आयडल (पाय न देता इंजिन चालणं) न पडणं, हेच सगळ्यात अवघड असतं. फुल थ्रॉटलची ताकद काढणं त्यामानाने सोपं.

पण मूळ ईसीयूच्या अटी असतात. त्याला वाटत असतं की आपण अजून त्याच गाडीत आहोत. स्पीड सेन्सरचा सिग्नल नाही मिळाला तर बऱ्याच ईसीयूंत गाडी थांबताना आयडल गडबडतं किंवा इंजिन बंद पडतं. एसीचं इनपुट, पॉवर स्टिअरिंगचा प्रेशर स्विच, हे सिग्नल आयडलसाठी असतात, ते जोडायचे किंवा योग्य जागी अर्थ द्यायचे ते डायग्राममध्ये बघून ठरवा. ऑटोमॅटिक गाडीचा ईसीयू मॅन्युअल गिअरबॉक्सला लावला तर तो गिअरबॉक्स शोधत बसतो नि कोड टाकतो, म्हणून मॅन्युअलचाच घ्या. आणि जितकी गाडी नवी तितका त्रास जास्त, कारण कॅन बसवर (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या वायरींवर) ईसीयू मीटरशी, एबीएसशी, बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी बोलत असतो, त्यातलं कोणी उत्तर दिलं नाही की लिम्प मोड, म्हणजे इंजिन ताकद कमी करून कसंबसं चालतं. २००० ते २००८ च्या आसपासच्या केबल थ्रॉटलच्या साध्या एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर) गाड्या स्वॅपला लोकांना आवडतात त्याचं कारण हेच. जुनी सेडान बलेनो, १.६ लिटरची, तिचं इंजिन जिप्सीत टाकायची हौस आपल्याकडं उगी नाही आली, दोन्ही सुझुकीचीच नि जी सिरीजच्याच घरातली.

स्टँडअलोन कधी घ्यायचा मग? इमोबिलायझरचा सेट फुटला असेल आणि जुळवता येत नसेल. टर्बो लावायचा असेल. वेगळ्या थ्रॉटल बॉड्या, वेगळे इंजेक्टर लावायचे असतील. कार्बुरेटरच्या इंजिनालाच इंजेक्शन करायचं असेल. किंवा कॉलेजची फॉर्म्युला टीम असेल, ३९० ड्यूकचं इंजिन रिस्ट्रिक्टर लावून चालवायचं असेल, तिथं स्टँडअलोन शिकण्यासाठीच घ्यावा. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, मूळ ईसीयूला रीमॅप मारणं (त्याचाच मॅप बदलणं) किंवा पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडलेला जादा डबा) लावणं, बेंगळुरूचा पॉवरट्रॉनिक हा आपल्याकडचा माहितीतला पिगीबॅक. मूळ सेन्सर नि मूळ ईसीयू ठीक चालत असतील आणि फक्त थोडं इंधन नि टायमिंग हलवायचं असेल तर पिगीबॅक बरा, पण तो सेन्सरचे सिग्नल बदलून ईसीयूला फसवत असतो, आधीच अर्धवट असलेल्या स्वॅपला त्याने अजून एक गोंधळ वाढतो.

स्टँडअलोन ठरला असेल तर डबा बघायच्या आधी हे मोजा

कागद घ्या, मल्टीमीटर घ्या, इंजिनापाशी बसा.

क्रँक सेन्सर पहिला. दोन वायरी असतील तर बहुतेक व्हीआर, म्हणजे चुंबक नि कॉइल, ओहम मीटरवर काहीशे ते हजारभर ओहम दाखवेल. तीन वायरी असतील तर बहुतेक हॉल, त्याला पाच किंवा बारा व्होल्ट द्यावे लागतात, पण काही व्हीआरला पण तिसरी शिल्डची वायर असते म्हणून मोजल्याशिवाय ठरवू नका. व्हीआरला ईसीयूत कंडिशनर सर्किट लागतं, काही स्वस्त बोर्डांवर ते वेगळं लावावं लागतं. त्याची पोलॅरिटी उलटी झाली तर इंजिन चालू पण होईल आणि वरच्या आरपीएमला टायमिंग सरकत जाईल, असला दोष पकडायला लई वेळ जातो.

मग क्रँकच्या दातेरी चाकावर दात किती नि कुठले गायब ते मोजा. ३६ वजा १ (३६ पैकी एक दात गायब) आणि ६० वजा २ हे दोन जवळपास सगळे ईसीयू ओळखतात. काहीतरी चमत्कारिक रचना असेल तर तुमच्या ईसीयूच्या डिकोडरच्या यादीत ती आहे का ते आधी तपासा, यादीत नसेल तर एकतर दुसरा डबा घ्या नाहीतर क्रँक पुलीवर ३६ वजा १ चं चाक बसवा. हे चाक लोखंडीच पाहिजे, आपल्याकडं वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेझर कटिंगवाले नि लेथवाले हवे तेवढे आहेत, फक्त चाक गरगरताना डगडग नको आणि सेन्सरचा गॅप एक मिलिमीटरच्या आसपास सगळीकडं सारखा पाहिजे.

कॅम सेन्सर नसेल तर घाबरू नका. वेस्टेड स्पार्क (दोन सिलेंडरला एकदम ठिणगी) आणि सेमी सिक्वेन्शियल (इंजेक्टर जोडीजोडीने) इंजेक्शनवर इंजिन छान चालतं. पूर्ण सिक्वेन्शियलचा फायदा मुख्यतः आयडलला, ताकदीत फारसा फरक पडत नाही.

इंजेक्टर मोजा. १२ ते १६ ओहम आले तर हाय इम्पिडन्स, कोणताही डबा चालवेल. २-३ ओहम आले तर लो इम्पिडन्स, त्याला पीक अँड होल्ड ड्रायव्हर किंवा रेझिस्टर पॅक पाहिजे, नाहीतर ईसीयूचे ड्रायव्हर जळतील. साइझ काढायचा साधा हिशोब असा: साध्या पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरला तासाला अंदाजे ०.५ पाउंड पेट्रोल लागतं. १०० हॉर्सपॉवर म्हणजे ५० पाउंड, भागिले चार इंजेक्टर म्हणजे १२.५, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर चालवायचा नाही म्हणून भागिले ०.८, आलं १५.६ पाउंड, म्हणजे मिनिटाला साधारण १६५ सीसी. यापेक्षा थोडा मोठा घ्या, पण तिप्पट मोठा घेतला की आयडलला तो इतक्या कमी वेळासाठी उघडतो की मिश्रण सांभाळणं मुश्किल होतं.

कॉइलमध्ये इग्नायटर (तिचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आतच आहे का ते बघा. दोन पिनची कॉइल साधी असते, तिला बाहेरून इग्नायटर लागतो. तीन-चार पिनवाली बहुतेक वेळा स्मार्ट, ईसीयूचा पाच व्होल्टचा सिग्नल पुरतो. साध्या कॉइलला स्मार्टचं आउटपुट थेट जोडलं तर धूर निघतो.

शेवटी थ्रॉटल, आणि इथंच अर्धे डबे यादीतून गळतात. केबलची थ्रॉटल असेल तर सगळे पर्याय खुले. इलेक्ट्रॉनिक असेल तर ईसीयूत त्याचा मोटर ड्रायव्हर नि दोन-दोन सेन्सर तपासणारी सुरक्षा पाहिजे, पेडलचे दोन सिग्नल जुळले नाहीत तर थ्रॉटल बंद करणारी. यात जुगाड करू नका, अडकलेली थ्रॉटल मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना काय करेल ते सांगायची गरज नाही. बजेट कमी असेल तर केबलची थ्रॉटल बॉडी बसवा नि मोकळे व्हा.

आता डब्यांची नावं

स्पीडुइनो हा ओपन सोर्स, अर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा, सगळ्यात स्वस्त. चार इंजेक्टर, चार इग्निशन आउटपुट, साध्या चार सिलेंडरला पुरेसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तो स्वतः चालवत नाही. बोर्ड स्वतः सोल्डर करायची तयारी नसेल तर तयार बोर्ड घ्या, पण तो कुणी जोडलाय नि कसा तपासलाय ते विचारून. मेगास्क्वर्ट २००१ पासूनचा, जुना आणि भरपूर कागदपत्रं असलेला, शिकायला उत्तम. रसईएफआय पण ओपन सोर्स पण प्रोसेसर तगडा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल सांभाळतो. हे तिन्ही ट्यूनरस्टुडिओ या एकाच सॉफ्टवेअरवर उघडतात ही मोठी सोय, एकावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर हात चालवू शकतो.

वरच्या पायरीत पोलंडचा ईसीयूमास्टर, न्यूझीलंडचा लिंक, ऑस्ट्रेलियाचा हॅलटेक, स्वीडनचा मॅक्सईसीयू. डबे मजबूत, नॉक (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) कंट्रोल, थ्रॉटल, कॅन सगळं येतं, पण वायरिंग, सेन्सर, इम्पोर्ट ड्युटी धरून गोष्ट लाखाच्या घरात जाते.

यातून निवडताना फीचरची यादी बघून निवडू नका, ट्यूनर बघून निवडा. आपल्या मराठवाड्यात डायनोची (ताकद मोजायच्या मशीनची) सोय शोधायला बहुतेक पुण्याकडंच बघावं लागतं. तर आधी त्या ट्यूनरला फोन करा, "तुम्ही कोणते ईसीयू हाताळता?" तो लिंक म्हणाला तर लिंक, मेगास्क्वर्ट म्हणाला तर मेगास्क्वर्ट. जगातला बेस्ट ईसीयू घेतला आणि तो उघडता येणारा माणूस ३०० किलोमीटरमध्ये नसेल तर तो डबा शोकेसमध्येच ठेवावा लागेल. स्वतःच ट्यून करणार असाल तर ओपन सोर्सवाला घ्या, कारण चुकला तर बोर्ड बदलणं परवडतं.

पेट्रोल

कार्बुरेटरचा पंप ०.२ ते ०.३ बारचा, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात. म्हणजे पंप, पाइप, क्लिप सगळं बदलणार. पाइप इंजेक्शनच्या रेटिंगचा घ्या, त्यावर ३०आर९ असं छापलेलं असतं, साधा कार्बुरेटरचा रबरी पाइप ३ बारवर फुगतो नि गरम इंजिनावर फुटला तर गाडी जाते. आता पंपावर ई२० मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल, जुने रबर त्याने लवकर कडक होतात, म्हणून यात काटकसर नको.

जुन्या टाकीत बॅफल नसतात. अर्ध्या टाकीत चढावर पंप हवा ओढतो, कार्बुरेटरमध्ये फ्लोट चेंबर असल्याने कळत नव्हतं, इंजेक्शनमध्ये लगेच मिसिंग. एकतर मूळ गाडीचा पंप-मॉड्यूल टाकीत वेल्ड करून बसवा (टाकी पूर्ण धुवून, वाफ काढूनच वेल्डिंग, आणि ज्याला टाकीचं काम येतं त्याच्याकडूनच), नाहीतर लिटर-दीड लिटरची सर्ज टँक (पंपाला सतत पेट्रोल पुरवणारी छोटी टाकी) लावा. रेग्युलेटर रेलवर आहे की टाकीत, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पाइप त्याला आहे की नाही, हे ईसीयूच्या सेटिंगमध्ये जसं आहे तसंच भरा.

वायरिंग आणि उष्णता

ईसीयू केबिनमध्येच ठेवा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं बाहेरच ४२-४३ डिग्री असतं, बोनेटखाली किती होत असेल विचार करा, वर धूळ नि काळ्या मातीचा चिखल. हवेच्या तापमानाचा सेन्सर पण रेडिएटरमागच्या गरम हवेत नको, तो गरम हवा वाचून पेट्रोल कमी करतो नि सिग्नलवर उभ्या गाडीचं आयडल डळमळतं.

अर्थिंगवर वेळ घाला. ईसीयूचे पॉवर ग्राउंड इंजिन ब्लॉकवर एका जागी, रंग खरवडून. सेन्सरचे ग्राउंड फक्त ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनला, बॉडीला कुठंही नाही. क्रँक सेन्सरची वायर शिल्डेड, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलेली, आणि कॉइलच्या वायरींपासून लांब. बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते बॉडी जाड पट्टी नवीन टाका. जोड मारताना चांगल्या क्रिंपरने क्रिंप करा, नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्या रस्त्यांवर पावसाळाभर टिकत नाही. इंजेक्टर, कॉइल, पंप, ईसीयू प्रत्येकाला वेगळा फ्यूज.

पहिला सेल्फ

इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा. चावी ऑन करा, लॅपटॉपवर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) बघा: इंजिन बंद असताना संभाजीनगरात तो ९४-९५ किलोपास्कल दाखवायला पाहिजे, कारण शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. १०१ दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकलंय. पाण्याचा नि हवेचा सेन्सर थंड इंजिनात जवळपास सारखं तापमान दाखवतील. थ्रॉटल ० ते १०० सरळ जायला पाहिजे.

आता सेल्फ मारा, आरपीएम स्थिर येतो का बघा, सिंक (ईसीयूला क्रँकची जागा कळणं) तुटत नसेल तर टायमिंग १० डिग्रीवर लॉक करा आणि टायमिंग लाइट लावून पुलीवर खरंच १० दिसतं का तपासा. पुलीवरची खूण आधी पहिल्या सिलेंडरचा पिस्टन वर आणून पडताळलेली असावी, जुन्या पुलीचं रबर सरकलेलं असतं. हे जुळल्याशिवाय पेट्रोल देऊ नका. लोक ही पायरी टाळतात आणि मग मॅपमध्ये चूक शोधतात, खरी चूक १५ डिग्रीने सरकलेल्या टायमिंगची असते.

इंजिन चालू झालं की वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) बघा, एलएसयू ४.९ सेन्सरवाला, साधा नॅरोबँड फक्त लॅम्डा १ (हवा नि पेट्रोल अगदी बरोबर प्रमाणात) च्या आजूबाजूचंच सांगतो, त्यावर फुल लोडचं ट्यूनिंग होत नाही. आणि आकडा लॅम्डामध्येच वाचायची सवय लावा. १४.७ हा शुद्ध पेट्रोलचा हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडा, ई२० ला तो साडेतेराच्या आसपास येतो, लॅम्डाला पेट्रोल कोणतं त्याची फिकीर नाही. आयडल नि साध्या चालीला १ च्या जवळ, फुल थ्रॉटलला टर्बो नसलेल्या इंजिनाला ०.८५ ते ०.८८.

इंधनाचा टेबल आधी, इग्निशन नंतर, आणि इग्निशन कमीवरून सुरू करून हळूहळू वाढवा, उन्हाळ्यात नॉकिंग लवकर येतं. रस्त्यावर ट्यून करताना गाडी एक जण चालवणार, लॅपटॉप दुसरा बघणार. सपाट रस्त्यावर हलक्या लोडचे खण भरतात, जड लोडसाठी रिकाम्या वेळी घाट पकडा, तिसऱ्या गिअरला एकाच आरपीएमवर धरून चढा. कोल्ड स्टार्ट मात्र दिवसातून एकदाच ट्यून होतो, रात्रभर गाडी थंड पडल्यावर सकाळी, त्यामुळं त्याला थंडीचे दोन महिने धरूनच चाला.

प्रत्येक बदलानंतर फाइल तारीख घालून वेगळी सेव्ह करा, आणि पूर्ण वायरिंगचा डायग्राम, फ्यूज-रिलेच्या नंबरांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, जिंतूरच्या पुढं रात्री गाडी बंद पडली तर तिथल्या वायरमनला त्याचाच आधार असतो.